वटमुखत्यारपत्र आहे, मग मृत्युपत्र कशाला?

कर्नाटकातल्या निपाणीपासून खानापूरपर्यंत एक समज वर्षानुवर्षे चालत आलाय: 'आप्पांनी थोरल्याच्या नावे वटमुखत्यारपत्र केलंय, पुढचं सगळं तोच बघेल.' वटमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायला दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, दिलेला लेखी अधिकार.

बघेल, पण आप्पा असेपर्यंतच. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार लिहून देणारा वारला की मुखत्याराचा अधिकार संपतो. कागद नोंदणीकृत असला तरी एरवीचं घरगुती मुखत्यारपत्र त्या दिवसापासून निकामी. त्यानंतर त्याच कागदावर खात्यातून पैसे काढणं किंवा जमीन विकणं म्हणजे भावंडांच्या हाती दाव्याचं कारण देणं.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच. याच कलमानुसार लिहून देणाऱ्याची समज, म्हणजे मानसिक क्षमता गेली, तरी अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाने आप्पांची समज गेली, तर नेमकी गरज असते तेव्हाच कागद हात वर करतो! मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

मृत्यूनंतरच्या वाटणीसाठी मृत्युपत्रच हवं. ते साध्या कागदावर, मराठीतही चालतं. कन्नडच हवं असं नाही. सही आणि दोन साक्षीदार पाहिजेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. अंमल कोण करणार, त्याचं नाव त्यातच घाला.

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू घरात 1956 च्या वारसा कायद्याने पत्नी, आई, मुलगे आणि मुली सगळे वारस. होय, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली मुलगीसुद्धा.