मंडळात गेलं की मार्क घसरतात?

‘नाट्य, वादविवाद, गिर्यारोहण असल्या मंडळांत नाव घातलं की अभ्यास गेलाच’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी आहे, हिशेब मात्र चुकतो.

आठवड्याचे तास 168. रोज 8 तास झोप धरली तर 56 गेले. तासिका आणि प्रात्यक्षिकं 25, स्वतःचा अभ्यास 25, जेवणखाण आणि येण्याजाण्याचे 21. उरतात 41. साध्या सभासदाला आठवड्याची एक बैठक आणि थोडी तयारी मिळून 3-4 तास लागतात. एवढ्याने अभ्यास बुडत नाही.

बुडतो तो पदामुळे. सचिव किंवा खजिनदार झालात की कार्यक्रमाच्या आठवड्यात परवानग्या, सभागृहाचं आरक्षण, पावत्या, पाहुण्यांचे फोन यांत 20 तास सहज जातात, आणि नेमकी तेव्हाच चाचणी असते. म्हणजे प्रश्न एकूण वेळेचा कमी, तारखांच्या टकरीचा जास्त. (दोन मंडळांत दोन पदं घेणं तर टाळाच.)

पडताळायचं असेल तर दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा, फोनवरचा वेळही प्रामाणिकपणे लिहा. बहुतेकदा मोठी गळती तिथेच सापडते. पद स्वीकारण्याआधी मावळत्या पदाधिकाऱ्याकडून वर्षभराच्या कार्यक्रमांच्या तारखा घ्या आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी मांडा. तीनपेक्षा जास्त आठवडे एकमेकांवर येत असतील, तर पद नको, सभासदत्व ठेवा.