कॉडलिंग पतंग

कॉडलिंग पतंग (शास्त्रीय नाव : सिडिया पोमोनेला) हा टॉर्ट्रिसिडी कुलातील करड्या रंगाचा लहान पतंग आहे. पंख पसरले तरी तो जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. पंखांच्या टोकांजवळचा तांब्यासारखा चकाकणारा डाग ही त्याची खूण. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याची अळी सफरचंद, नासपती आणि अक्रोड पोखरते. सफरचंदाबरोबरच तो मध्य आशियातून जगभर पसरला असे मानले जाते.

मादी संध्याकाळी, हवा उबदार असेल तेव्हा, फळावर किंवा लगतच्या पानावर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फळात शिरते, बऱ्याचदा देठाच्या विरुद्ध टोकाकडून, जिथे फुलाचे वाळके अवशेष असतात. गर ती वाटेपुरता खाते; तिचा रोख गाभ्यातल्या बियांवर असतो, कारण प्रथिने आणि तेल तिथेच असते. एका फळात दोन अळ्या शिरल्या तर बहुधा एकच जगते. तीन-चार आठवड्यांनी पूर्ण वाढलेली, गुलाबीसर अळी बाहेर पडून खोडाच्या सालीखाली कोष विणते. दिवस लहान होऊ लागले की ती पतंग न होता त्याच कोषात सुप्तावस्थेत हिवाळा काढते.

म्हणजे ही अळी उघड्यावर असते ती फळात शिरण्यापूर्वी आणि फळ सोडल्यावर. तिच्याविरुद्धचे बहुतेक उपाय या दोन संधींभोवतीच रचले गेले आहेत. उतरणाऱ्या अळ्या अडकाव्यात म्हणून खोडाला पुठ्ठ्याचे पट्टे गुंडाळण्याची रीत जुनी आहे. फवारणीचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. अमेरिकेत अनेक दशके सफरचंदांवर लेड आर्सेनेट मारले गेले. त्यातले शिसे आणि आर्सेनिक जुन्या बागांच्या मातीत अजूनही आहे. त्यानंतर डीडीटी आले आणि किडीत त्याविरुद्धही प्रतिकारशक्ती निर्माण झाली.

१९७१ मध्ये मादीचा कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा गंध, ओळखला गेला, त्याला कॉडलेमोन म्हणतात. आपल्याकडे कापसाच्या शेतात बोंडअळीसाठी लावतात तसे कामगंध सापळे या पतंगासाठीही वापरतात. शिवाय बागभर हाच गंध दरवळत ठेवला की नराला मादी सापडत नाही आणि अंडी फलित होत नाहीत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकात किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग बागांत सोडले जाऊ लागले, म्हणजे त्यांच्याशी जुळलेल्या बागेतल्या पतंगांना पिल्ले होऊ नयेत. त्यांच्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असल्याने सापळ्यात आलेला पतंग चिरडला की तो बागेतला की प्रयोगशाळेतला हे लगेच कळते. मेक्सिकोत १९६३ मध्ये सापडलेला ग्रॅन्युलोव्हायरस हा विषाणू फक्त या पतंगाला आणि त्याच्या काही निकटच्या भाईबंदांना मारतो. माणसाला आणि मधमाश्यांना त्याचा उपद्रव नाही. या साऱ्या उपायांत तोच सर्वांत सुज्ञ म्हणावा लागेल.

भारतात हा पतंग लडाखमध्ये आढळतो. तो काश्मीर आणि हिमाचलच्या बागांत पोहोचू नये म्हणून लडाखची ताजी सफरचंदे आणि जर्दाळू बाहेर नेण्यावर अनेक वर्षे बंदी होती. तिथल्या शेतकऱ्यांच्या दारात फळ असे, पण बाजार नसे. त्यामुळे त्या काळात लडाखचा जर्दाळू बाकीच्या देशात पोहोचला तो वाळवूनच.