धक्का नेमका कुठल्या दिशेला? काडतुसाची रायफल आणि स्प्रिंगची एअर रायफल

‘एअर रायफलला कसला आलाय धक्का? कुठलाही स्कोप बसव, चालतो.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की आधी त्या स्कोपचीच (नेम धरायच्या दुर्बिणीचीच) काळजी वाटते. दुसरी चूक करणारे याहून अनुभवी असतात. काडतुसाच्या रायफलवर स्कोप बसवायचं तंत्र ते जसंच्या तसं एअर रायफलवर वापरतात आणि महिनाभर ‘झीरो टिकत नाही’ (जुळवलेला नेम ढळतो) म्हणत स्कोपवरचे नेम जुळवायचे नॉब फिरवत बसतात. दोघांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का काडतुसाच्या रायफलच्या धक्क्याची छोटी आवृत्ती नाही. त्याची जात वेगळी आहे आणि दिशा तर उलटी आहे.

काडतुसाची बाजू तुम्हाला माहीत असणार, म्हणून थोडक्यात. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते. स्कोप जडत्वामुळे होता तिथेच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या (रायफलवरच्या, स्कोप बसवायच्या पट्टीच्या) हिशेबाने तो पुढे सरकतो. मागे आलेली रायफल खांद्यावर हळूहळू थांबते, त्यामुळे उलट्या दिशेचा दुसरा जोरदार हिसका बसत नाही. म्हणूनच माउंट, म्हणजे स्कोपला रेलवर धरणारी जोडणी, आवळण्याआधी तो पुढे ढकलून आडवा बोल्ट रेलवरच्या खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा. अशा रेलचे दोन नमुने: पिकॅटिनीची खाच 5.23 मिमी रुंद आणि वीव्हरची 4.57 मिमी. वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, पण खाचेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मोकळी जागा राहते. तिथे पुढे ढकलून बसवणं आणखी महत्त्वाचं.

आता स्प्रिंगची रायफल. घोडा दाबला की सुटतो तो आधी पिस्टन (सिलिंडरमधली हवा दाबणारा दट्ट्या), छर्रा नंतर. 4.5 मिमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि पिस्टन साधारण 200 ते 300 ग्रॅम. एवढं वजन स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतं, म्हणून रायफल मागे येते. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे आणि बहुतेकांचा विचार इथेच थांबतो. पण पिस्टन पुढे जाऊन कुठेतरी थांबणार असतो. सिलिंडरच्या टोकाशी हवा प्रचंड दाबली जाते आणि कित्येक सेंटिमीटर धावत घेतलेला वेग पिस्टन शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये गमावतो. त्या क्षणी मागे येणारी रायफल जागीच अडते आणि पुढे खेचली जाते.

मागे जाणाऱ्या गाडीला एकदम ब्रेक लागला की आतल्या माणसाचं काय होतं ते आठवा. गाडी थांबते, माणूस मागेच जात राहतो. स्कोपचंही तेच होतं. रायफल थांबून पुढे गेली तरी तो मागे जाऊ पाहतो आणि रेलवरून मागे घसरतो. पहिल्या टप्प्यात तो पुढे सरकू पाहतोच, पण तो धक्का त्या मानाने सौम्य असतो. दुसरा हिसका आखूड आणि कडक, म्हणून बेरजेत स्कोप मागेच येतो. रोज थोडा थोडा, डोळ्याला कळणार नाही इतका. एखाद्या दिवशी रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) बघायला मान मागे घ्यावी लागते, तेव्हा लक्षात येतं.

म्हणून स्कोप स्टॉप, म्हणजे माउंटला सरकू न देणारा ठोकळा, माउंटच्या मागे लावायचा. मागेच. मी तो पुढच्या रिंगच्या (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्याच्या) पुढे लावलेला पाहिलाय, आणि लावणाऱ्याला खात्री होती की मागे येणाऱ्या रायफलवर स्कोप पुढेच घसरणार. तिथे तो ठोकळा नुसता वजन वाढवतो. माउंटला खाली पिन असेल तर ती रेलवरच्या भोकात नीट उतरलीय का ते बघा. पिन भोकाच्या काठावर चढून बसली तर माउंट एका बाजूने उचललेला राहतो आणि कितीही आवळला तरी रेलला पूर्ण टेकत नाही. आवळण्याआधी माउंट मागे ढकलून स्टॉपला किंवा भोकाच्या मागच्या काठाला टेकवा. काडतुसाच्या रायफलवर पुढे, स्प्रिंगवर मागे.

हा उलटा हिसका स्कोपच्या पोटातही पोचतो. रेटिकल आणि भिंगं धरून ठेवणारी आतली नळी स्प्रिंगवर तोललेली असते. एकाच दिशेचा मार सोसेल अशी जोडणी असलेला स्कोप जड काडतुसावर वर्षानुवर्षं टिकतो आणि स्प्रिंगच्या रायफलवर काही शेकडा छऱ्यांत खिळखिळा होऊ शकतो. ‘माझा स्कोप एवढ्या मोठ्या कॅलिबरवर चालला’ हा दाखला म्हणूनच इथे लागू होत नाही. बनवणाऱ्याने स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य असं स्पष्ट लिहिलं असेल तरच मी तो बसवतो.

गॅस रॅम (स्प्रिंगच्या जागी दाबलेला गॅस) या बाबतीत स्प्रिंगचाच भाऊ. पीसीपीमध्ये (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलमध्ये) असा धावणारा जड पिस्टनच नसतो, त्यामुळे धक्का नगण्य आणि स्टॉपची गरज नाही. या तिघांना ‘एअर रायफल’ या एकाच नावाखाली ढकलून सल्ला देणं बंद व्हायला हवं, कारण अर्धा गोंधळ त्यातूनच होतो.

रेलमधला फरक सोपा. एअर रायफलवर बहुधा साधारण 11 मिमीची गुळगुळीत डव्हटेल (तिरप्या कडांची रेल) असते, आडव्या खाचा नसतात. पिन किंवा स्टॉप नसेल तर पकड फक्त घर्षणाची. म्हणून स्प्रिंगवर मला दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट आवडतो, रेलवर त्याची पकड लांब असते.

आता नॉब फिरवण्याच्या सवयीबद्दल. दोन रिंगांमध्ये 100 मिमी अंतर असेल आणि एक रिंग फक्त 0.1 मिमी उचलली गेली, तर 10 मीटरवर नेम 1 सेंटिमीटरने चुकतो आणि 50 मीटरवर 5 सेंटिमीटरने. केसाच्या जाडीइतकी हालचाल पुरते. हे नॉबच्या क्लिकने भरून काढलं तर पुढच्या वीस छऱ्यांत माउंट पुन्हा हलणार आणि तुम्ही पुन्हा क्लिक मोजणार. आधी कारण शोधा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून माउंट आणि रेल यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, दुसरी रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावर. पहिली तुटली तर माउंट रेलवर सरकतोय. दुसरी तुटली तर नळी रिंगमध्ये घसरतेय आणि तिथे मागचा स्टॉप काहीच करू शकत नाही.

नळी घसरत असेल तर रिंगा आतून आणि नळी बाहेरून स्पिरिटने पुसून तेल काढा. मी रिंगमध्ये राळेची चिमूटभर पूड घालतो, पकड चांगली येते. वायरिंगची चिकटपट्टी मात्र घालू नका. तिचा गोंद दाबाखाली सरकतो आणि पट्टी स्वतःच वंगण बनते. नॉबच्या उंचवट्याला रिंग भिडवून ‘हाच स्टॉप’ म्हणणंही मला पटत नाही, कारण सगळा मार स्कोपच्या सर्वांत नाजूक भागावर जातो.

स्क्रू टॉर्क रेंचने आवळा. रिंगच्या टोप्यांना साधारण 1.7 ते 2 न्यूटन मीटर पुरतात, पण तुमच्या माउंटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. तिरपे-तिरपे, थोडं थोडं, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. जास्त आवळलं की नळी चेपते आणि आतलं समायोजन अडखळतं. थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) ओला असताना आटे सहज फिरतात, त्यामुळे त्याच टॉर्कला दाब जास्त येतो, हे ध्यानात ठेवा.

दोन्ही रेघा अखंड आहेत आणि छर्रे तरी पसरताहेत? मग माउंटला हात लावू नका, पकड बघा. स्प्रिंगची रायफल छर्रा तिच्या नळीत असतानाच हलायला लागते. पुढचा हात घट्ट आवळण्याऐवजी रायफल तळव्यावर नुसती टेकवून, दर वेळी त्याच जागी ठेवून दहा छर्रे मारा आणि मगच स्कोपवर शंका घ्या.