एमुना : यहुदी धर्मातील श्रद्धेचा प्रश्न

एमुना हा हिब्रू शब्द. श्रद्धा, निष्ठा, भरवसा आणि स्थिरपणा हे चारही अर्थ त्यात एकत्र नांदतात. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘आमेन’ त्याच धातूतून निघाला आहे. अरबीतला ‘ईमान’ही त्याच सेमिटिक कुळातला, आणि तो फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘इमान’ झाला. म्हणून मराठी वाचकाला एमुना समजून घ्यायचा तर ‘श्रद्धा’पेक्षा ‘इमान’ हा शब्द अधिक उपयोगी पडतो. एखाद्याने इमानेइतबारे चाकरी केली असे आपण म्हणतो तेव्हा मालकाविषयी त्याची मते काय होती हे कोणी विचारत नाही. तो खाल्ल्या मिठाला जागला, एवढेच सांगायचे असते. हिब्रू बायबलमधला एमुना बहुतेक ठिकाणी याच जातीचा आहे. देव आहे असे मानणे आणि देवाशी इमान राखणे यांत अंतर किती, आणि यांतले धर्माला आवश्यक कोणते, हा यहुदी तत्त्वचिंतनातला सर्वांत जुना आणि आजही न मिटलेला वाद आहे.

शब्दाचा मूळ पोत एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाची, म्हणजे यहुद्यांच्या पूर्वजांची, अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. त्यांचा नेता मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. हात भरून येतात, तेव्हा त्याला बसायला खाली धोंडा सरकवला जातो. अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहिले, असे मूळ वाक्य आहे. इथे एमुना म्हणजे हात न डगमगणे, आणि तेही दोघांनी आधार दिला म्हणून.

ताल्मूद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चांच्या ग्रंथातला एक उताराही याच अर्थाचा. मेल्यावर माणसाला न्यायासनापुढे उभे करतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘देवघेव एमुनाने केलीस का?’ म्हणजे वजन-मापात, पैशाच्या व्यवहारात सचोटी राखलीस का. तोरेच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) अभ्यासासाठी वेळ नेमून ठेवला होतास का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आचार आणि मत

सिनाय पर्वताशी देवाच्या आज्ञांना लोकांनी दिलेले उत्तर ‘आम्ही करू आणि ऐकू’ असे नोंदलेले आहे. करणे आधी, ऐकणे नंतर. या क्रमावर रब्बींनी शतकानुशतके विचार केला आहे. परंपरेने मोजलेल्या 613 आज्ञा शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), अन्न, शेत, विवाह, न्याय अशा जगण्याच्या सगळ्या अंगांना भिडतात. ताल्मूदच्या मक्कोथ या भागात या 613 आज्ञांचे सार काढत नेले आहे. दावीद राजाने त्या 11वर आणल्या, मीखा या संदेष्ट्याने 3वर, आणि शेवटी हबक्कूक या संदेष्ट्याने एकावर : ‘नीतिमान आपल्या एमुनाने जगेल.’ हेच वचन पुढे ख्रिस्ती परंपरेत पौलाने घेतले आणि त्याचा रोख वेगळ्या दिशेला वळला. विसाव्या शतकात मार्टिन बूबर यांनी दोन प्रकारच्या श्रद्धांमध्ये भेद केला. एक कोणावर तरी भरवसा टाकणारी, दुसरी काहीतरी खरे मानणारी. पहिलीला त्यांनी एमुना म्हटले. हा भेद त्यांनी जरा जास्तच ताणला, कारण यहुदी परंपरेत दुसरी श्रद्धाही भरपूर आहे. तरी भेद उपयोगाचा आहे.

मतांची कुंपणे अगदीच नव्हती असे नाही. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ताल्मूदचा पाया असलेली नियमसंहिता, सांगते की सर्व इस्राएलाला येणाऱ्या जगात वाटा आहे, अपवाद तिघांचा : मृतांचे पुनरुत्थान तोरेत नाही म्हणणारा, तोरा स्वर्गातून आलेली नाही म्हणणारा, आणि ‘अपिकोरोस’, म्हणजे पाखंडी. हा शेवटचा शब्द ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याच्या नावाशी जोडला जातो. पण या एका वाक्यापलीकडे, पाठ म्हणून स्वीकारावे असे श्रद्धेचे कलमवार निवेदन रब्बींनी रचले नाही.

एलीशा बेन अबुयाची गोष्ट

दुसऱ्या शतकातल्या एलीशा बेन अबुया या रब्बीची श्रद्धा का गेली, याची ताल्मूदने दिलेली कारणे वाचताना आजही थबकायला होते. तोरेत दीर्घायुष्याचे वचन दोन आज्ञांना जोडून येते : आईबापांचा मान राख, आणि घरट्यातली पिल्ले घेण्याआधी पक्षिणीला उडवून लाव. एका मुलाला बापाने सांगितले, ‘वर चढ आणि पिल्ले काढून आण.’ मुलगा चढला, पक्षिणीला उडवले, पिल्ले घेतली, आणि उतरताना पडून मेला. एकाच क्षणी दोन्ही आज्ञा पाळणारा मुलगा. दीर्घायुष्य कुठे आहे? एलीशाने हे डोळ्यांनी पाहिले असे एक मत. दुसरे मत असे की रोमन छळात मारलेल्या एका विद्वानाची जीभ मातीत लोळताना त्याने पाहिली.

एलीशाचाच नातू रब्बी याकोव्ह याने उत्तर दिले की ते वचन या जगाविषयी नाहीच. ज्या जगातले दिवस खरोखर दीर्घ आहेत त्या जगाविषयी आहे. ताल्मूदला हे उत्तर मान्य आहे. तरीही त्याने मुलाचे प्रेत झाकून टाकले नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच पानावर ठेवले.

पुढे लोक एलीशाला नावाने न ओळखता ‘तो दुसरा’ म्हणू लागले. त्याचा शिष्य रब्बी मेइर मात्र त्याच्याकडून शिकतच राहिला. एका शब्बाथला एलीशा घोड्यावर बसून चालला होता, म्हणजे उघडउघड नियम मोडत होता, आणि मेइर मागोमाग पायी चालत तोरा ऐकत होता. थोड्या वेळाने एलीशा म्हणाला, ‘मेइर, माघारी फिर. घोड्याच्या पावलांवरून मी मोजलं आहे, शब्बाथची हद्द इथे संपते.’ शब्बाथला वस्तीबाहेर 2000 हातांपलीकडे जायचे नाही, असा नियम आहे. मेइर म्हणाला, ‘तुम्हीही माघारी फिरा ना.’ आपल्याला ते दार बंद झाले आहे, असे एलीशाने सांगितले.

ज्याचा विश्वास उडाला त्याने शिष्याच्या आचारासाठी घोड्याची पावले मोजली. एमुनाचा विचार करताना या माणसाला नेमके कुठे ठेवायचे? परंपरेने त्याला बाहेर ठेवले, पण त्याचे वचन ‘पितरांची वचने’ या मिश्नेच्या भागात राहू दिले : लहानपणी शिकलेले कोऱ्या कागदावरच्या शाईसारखे असते.

तेरा तत्त्वे

दहाव्या शतकात बगदादमध्ये सादिया गाओन (882–942) यांनी श्रद्धेला तर्काच्या कसोटीवर प्रथम पद्धतशीर उभे केले. इंद्रिये, बुद्धी आणि अनुमान यांच्या बरोबरीने विश्वसनीय परंपरा हेही ज्ञानाचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या शब्दप्रमाणाच्या चर्चेची आठवण व्हावी असा हा मुद्दा आहे. स्पेनमधले कवी येहूदा हालेवी यांनी बाराव्या शतकात उलट बाजू मांडली. तत्त्वज्ञांचा देव सिद्ध करून मिळतो, अब्राहामाचा देव अनुभवातून आणि पूर्वजांच्या साक्षीतून. दहा आज्ञांच्या आरंभी देव ‘मी जग निर्माण केले’ असे म्हणत नाही, ‘मी तुला मिसर देशातून बाहेर काढले’ असे म्हणतो, याकडे त्यांनी बोट दाखवले.

या वादाला धर्मशास्त्राचे वजन आणले मोशे बेन मैमोन (1138–1204) यांनी. कॉर्दोबात जन्मलेल्या आणि कैरोजवळच्या फुस्तात येथे वैद्यकी केलेल्या या विद्वानाने 1168मध्ये पूर्ण केलेल्या मिश्नेच्या भाष्यात 13 तत्त्वे सांगितली : देवाचे अस्तित्व, त्याचे एकत्व, त्याला शरीर नसणे, संदेष्ट्यांची खरी वाणी, तोरेचा दैवी उगम, मशीहाचे (येणाऱ्या तारकाचे) आगमन, मृतांचे पुनरुत्थान इत्यादी. ही तत्त्वे जाणूनबुजून नाकारणारा समाजाबाहेर गेला, असे त्यांनी म्हटले. प्रोव्हान्सचे रब्बी अब्राहाम बेन दावीद यांनी एका मुद्द्यावर कडक टिप्पणी केली : देवाला शरीर आहे असे समजणाऱ्याला पाखंडी का म्हणायचे? मैमोन यांच्याहून थोर माणसांनी ग्रंथांचे शब्द वाचून तसे मानले आहे. अब्राहाम बेन दावीद यांना स्वतःला ते मत मान्य नव्हते. प्रामाणिकपणे चुकणारा माणूस बंडखोर ठरतो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मैमोन यांच्या लेखी श्रद्धा म्हणजे तोंडाने म्हटलेले वाक्य नव्हे. मनाने समजून धरलेली गोष्ट म्हणजे श्रद्धा. समजल्याविना नुसते म्हणत राहणे त्यांना पोकळ वाटे. तरी इतिहासाची गंमत अशी की त्यांची 13 तत्त्वे पुढे ‘यिग्दाल’ या स्तोत्राच्या रूपाने सिनेगॉगमध्ये गायली जाऊ लागली आणि लोकांच्या ओठांवर बसली.

आज्ञेने विश्वास ठेवता येतो का?

मैमोन यांनी 613 आज्ञांच्या यादीत पहिली आज्ञा धरली ती देव आहे हे मानण्याची. त्यांच्या धर्मसंहितेच्या पहिल्याच ओळीत ‘जाणणे’ असा शब्द आहे. यावर सर्वांत खोल घाव घातला हसदाई क्रेस्कास यांनी. ते सारागोसाचे रब्बी. 1391च्या दंगलींत बार्सेलोनाला त्यांचा मुलगा मारला गेला, आणि स्पेनभर हजारो यहुद्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. मत बदलायला लावता येते का, हा प्रश्न त्यांच्यासमोर माणसांच्या रूपात उभा होता.

त्यांनी 1410मध्ये मांडलेला युक्तिवाद असा. आज्ञा म्हटली की आज्ञा देणारा आधी मानलेलाच असतो. दारावर थाप पडून ‘दार उघड’ असे कोणी म्हणाले तर ती आज्ञा झाली. पण ‘बाहेर मी आहे असे मान’ ही आज्ञा कशी होणार? आवाज ऐकू आला असेल तर ते मानून झालेच. आला नसेल तर आज्ञा पोचलीच नाही. दुसरा मुद्दा याहून मोलाचा. विश्वास इच्छेच्या ताब्यात नसतो. बाहेर ऊन दिसत असताना पाऊस पडतो आहे असे कितीही बक्षीस लावले तरी मानता येत नाही. मग विश्वासासाठी बक्षीस आणि अविश्वासासाठी शिक्षा हे न्यायाचे कसे? क्रेस्कास यांचे उत्तर असे की फळ मिळते ते विश्वासाला नाही. सत्य समजून घेण्याच्या धडपडीला आणि त्यातल्या आनंदाला.

मैमोन यांच्या बाजूने असे म्हणता येते की ‘जाण’ ही आज्ञा शोध घेण्याची आहे, आणि शोध घेणे माणसाच्या हातात असते. हे उत्तर दुसऱ्या मुद्द्याला पुरते, पहिल्याला नाही. थाप ऐकूच न आलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

क्रेस्कास यांचे शिष्य योसेफ आल्बो यांनी तत्त्वे 13वरून 3वर आणली : देव, दैवी प्रकटीकरण, फळ आणि दंड. 1492मध्ये स्पेनमधून बाहेर पडावे लागलेल्या इसहाक अब्राव्हानेल यांनी शेवटी म्हटले की तोरेत मुख्य आणि दुय्यम असे करताच येत नाही. प्रत्येक अक्षर सारख्याच मोलाचे.

आधुनिक काळ

अॅमस्टरडॅमच्या यहुदी समाजातले कित्येक जण जबरदस्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतून परत आलेले होते. त्या समाजाने 27 जुलै 1656 रोजी 23 वर्षांच्या बारूख स्पिनोझाला बहिष्कृत केले. ठरावात ‘घोर पाखंडां’चा उल्लेख आहे, पण ती पाखंडे कोणती हे सांगितलेले नाही. मोझेस मेंडेल्सझोन यांनी 1783मध्ये बर्लिनमधून मांडले की मोशेच्या नियमांत ‘विश्वास ठेव’ असा एकही नियम नाही, सगळे ‘कर’ किंवा ‘करू नको’ असेच आहेत. विसाव्या शतकात यरुशलेमचे येशायाहू लाइबोविट्झ (1903–1994) त्याच वाटेने टोकाला गेले. श्रद्धा म्हणजे आज्ञांचे जू खांद्यावर घेण्याचा निर्णय. त्यातून सुख, समाधान किंवा अर्थ मिळावा ही अपेक्षाही त्यांना नको होती.

नाझींनी 60 लाख यहुद्यांची हत्या केल्यावर एलीशाचा प्रश्न एका मुलापुरता उरला नाही. रिचर्ड रूबेनस्टाइन यांनी 1966मध्ये लिहिले की इतिहास चालवणाऱ्या देवावर आता विश्वास ठेवता येत नाही. एमिल फाकेनहाइम म्हणाले की श्रद्धा सोडून हिटलरला मरणोत्तर विजय मिळवून द्यायचा नाही, हीच 614वी आज्ञा. एलिएझर बर्कोव्हिट्स यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ‘मी आपले मुख लपवीन’ या वचनाचा आधार घेतला : माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर देवाला मागे सरावे लागते. छळछावण्यांत ज्यांची श्रद्धा टिकली आणि ज्यांची तिथेच मोडली, त्या दोघांपुढेही बाहेरच्याने नम्रच असावे, हे त्यांचे म्हणणे मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत खरे वाटते.

कोकणातला दाखला

या प्रश्नाला कोकणाच्या किनाऱ्यावरचाही एक दाखला आहे. कोकणातल्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाच्या, परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी तत्त्वांची यादी नव्हती आणि हिब्रू विसरली होती. उरले होते ते शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाण्याचा नेम, आणि ‘शमा इस्राएल’ हे वचन : ‘हे इस्राएला ऐक, आपला देव प्रभू एकच आहे.’ जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला तेच म्हटले जाई.

इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या विवाहांना 1960च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने आडकाठी केली, तेव्हा चौकशी झाली ती आई-आजीच्या वंशाची, पूर्वीच्या लग्नांची आणि घटस्फोटांची. तुम्ही काय मानता, हा वादाचा विषय नव्हता. समाजाने यरुशलेममध्ये धरणे धरले, आणि 1964मध्ये ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर झाले.

शमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे आणि ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, हा शेवटचा शब्द लांबवायचा, अशी रीत आहे. रोमनांनी लोखंडी फण्यांनी अंग ओरबाडले तेव्हा रब्बी अकीवा हाच शब्द लांबवत होते आणि तो ओठांवर असतानाच त्यांचा प्राण गेला, असे ताल्मूद सांगतो.