रक्त पुन्हा देण्याआधी

लॅबमध्ये येताना जुना रिपोर्ट सोबत आणा. तीच टेस्ट पंधरा दिवसांपूर्वी झालेली दिसली, तर सुई लावण्याआधी आम्ही तुमच्या डॉक्टरांना फोन करतो. शरीरात फरक पडायला लागतो तेवढा वेळ गेलाच नसेल, तर नवा आकडा काही सांगत नाही.

उदाहरणार्थ, तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून राहते. औषध बदलून महिन्यातच टेस्ट केली, तर जुन्या आणि नव्या साखरेची सरमिसळ हाती येते. म्हणून ३ महिने थांबा; साखर आटोक्यात असेल तर बहुधा ६ महिन्यांनी केली तरी चालते. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला, की टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी. गरोदरपणात ४ आठवड्यांनी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर आधी सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो आणि नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो.

तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल ही टायफॉइडची टेस्ट करून घेऊ नका. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा लागतो. शिवाय आपल्याकडे धडधाकट माणसातही ही टेस्ट थोडीफार पॉझिटिव्ह येते. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची टेस्ट, करावं.

फुल बॉडी पॅकेजचा आग्रह आम्ही धरत नाही. नॉर्मल रेंज ठरते ती १०० निरोगी माणसांतल्या ९५ जणांवरून. त्या हिशेबाने एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग त्या एका आकड्यापायी पुन्हा रक्त, सोनोग्राफी आणि घरभर काळजी.

वॉर्डात ॲडमिट असलेल्या पेशंटचं गणित वेगळं; तिथे सोडियम-पोटॅशियम दिवसातून दोनदाही लागू शकतं.

कधी चूक रक्त काढण्यातच होते. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त राहिला किंवा मूठ सारखी उघडझाप केली, की पोटॅशियम खोटं वाढतं. मूठ नुसती मिटून ठेवा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग रक्त गोठू न देणारं औषध असतं. ती खुणेपर्यंत भरली नाही तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची टेस्ट, चुकते. अशी अर्धवट ट्यूब आम्ही मशीनला लावत नाही.

एखादी टेस्ट लिहायची राहिली? त्याच दिवशी फोन करा. रक्तातून वेगळं केलेलं सीरम, म्हणजे वरचं पातळ द्रव, फ्रिजमध्ये असतं; टीएसएच, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल त्यातूनच होतं, पुन्हा टोचावं लागत नाही. पावतीवरचा सॅम्पल नंबर तेवढा हाताशी ठेवा.