आपली काडतुसे आपण भरताना
(छऱ्यांच्या बंदुकीसाठी पहिल्यांदाच प्रेस, म्हणजे काडतुसे भरायचे हातयंत्र, घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

प्रेस घ्यायला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, पैसे किती वाचतील? खरं सांगायचं तर 12 बोअरच्या साध्या सरावाच्या काडतुसांत फारसे नाहीत. तयार काडतुसे घाऊक बनतात, त्यांच्याशी बरोबरी होत नाही. 28 बोअरसारख्या कमी खपाच्या मापात मात्र फरक जाणवतो. जुन्या बंदुकीचा चेंबर (काडतूस बसते ती जागा) आखूड, 65 मिमीचा असेल किंवा खांद्याला कमी धक्का देणारे काडतूस हवे असेल, तर घरी भरण्याला खरा अर्थ आहे. शिवाय हातांना आणि डोक्याला आवडणारे हे काम आहे, हेही कारण पुरेसे आहे. फक्त बंदुकीची दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बाळगायला तुमच्याकडच्या कायद्याची व परवान्याची मुभा आहे ना, हे खरेदीआधी पाहा.

काडतुसात पाच गोष्टी असतात: नळकांडे, प्रायमर, दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) आणि छर्रे. प्रेस जुना प्रायमर काढते, पितळी बूड मापात आणते, नवा प्रायमर बसवते, दारू, वॅड, छर्रे भरते आणि तोंड दुमडते. ही कृती एका दुपारी हातात बसते. अडचण होते ती साहित्य बदलण्यात.

दारूच्या कंपनीचा तक्ता एका ठरावीक जुळणीसाठी असतो: अमुक नळकांडे, अमुक प्रायमर, अमुक वॅड, अमुक वजनाचे छर्रे. वॅड संपले म्हणून 'तसेच दिसणारे' दुसरे घातले की दाब बदलतो, आणि तो किती बदलला हे घरी मोजता येत नाही. नुसता प्रायमर बदलूनही दाब वाढू शकतो. शिशाच्या छऱ्यांचा तक्ता पोलादी छऱ्यांना कधीच लावू नका. पोलाद दबत नाही. त्याची दारू वेगळी, वॅडही वेगळे. एखादी वस्तू आमच्याकडे नसेल तर आम्ही पर्याय सुचवत नाही, तिच्यासाठी छापलेला दुसरा तक्ता शोधून देतो.

आता वजनाकडे या. 28 ग्रॅम छऱ्यांमागे दारू सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे चिमूटभर कमी-जास्त झाली तरी फरक मोठा. प्रेसवरचे माप दारू घनफळाने मोजते, वजनाने नाही. दांडा हळू ओढला तर दारू सैल पडते. दणके देत ओढला तर ती खाली बसते आणि त्याच मापात जास्त मावते. म्हणून बुशिंगवर (दारूचे माप ठरवणाऱ्या प्रेसमधल्या कडीवर) छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. सुरुवातीची काही मापे परत डब्यात टाका, हात एका लयीत आला की काट्यावर तोला, आणि भरताना अधूनमधून तोलत राहा. काटा ग्रेनवर आहे की ग्रॅमवर, तेही बघा: 1 ग्रॅम म्हणजे सुमारे 15.4 ग्रेन.

नळकांडे उजेडात धरून तोंडाच्या घड्या पाहा. चीर दिसली, बूड सैल वाटले किंवा प्रायमर बोटाच्या जोराने बसला, तर ते नळकांडे टाकून द्या. भरलेल्या काडतुसाची दुमड सपाट हवी. मधोमध खळगा पडला तर आतला भरणा कमी आहे. तोंड फुगीर राहिले तर जास्त. मध्ये भोक राहिले तर बारीक छर्रे खिशात गळतात.

बार फुसका झाला, आवाज दबका आला, तर तिथेच थांबा. बंदूक उघडून रिकामी करा आणि नळीतून आरपार पाहा. वॅड अडकले असताना दुसरा बार टाकला तर नळी फाटते. तसेच 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकते, मागून 12 चे सहज बसते. 20 ची नळकांडी पिवळी असतात ती याचसाठी. दोन्ही मापे भरत असाल तर एका वेळी टेबलावर एकच ठेवा.

टेबलावर दारूचा डबाही एकच हवा. उरलेली दारू त्याच दिवशी मूळ डब्यात परत घाला. प्रेसच्या बाटलीत राहिली की महिन्याभराने ती कोणती हे कोणी सांगू शकत नाही, आणि अशी दारू वापरायची नसते. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवा, सुटे बरणीत ओतू नका. काम चालू असताना चष्मा लावा. विडी-सिगारेट, फोन आणि गप्पा बाहेर. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका, आणि मुलांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका.

प्रत्येक खोक्यावर तारीख, दारूचे नाव व वजन, वॅड, प्रायमर आणि छऱ्यांचा नंबर (म्हणजे आकार) लिहा. काही शंका आली तर ते खोके न उडवता बाजूला ठेवा आणि त्यावर लिहिलेली माहिती आम्हाला कळवा. तक्ता समोर ठेवून आपण एकेक गोष्ट ताडून पाहू.