कांजिण्यांची पार्टी आणि चुकलेलं गणित

२०११ मध्ये अमेरिकेत नॅशविलहून कुणीतरी फेसबुकवर जाहिरात टाकली की कांजिण्या झालेल्या मुलांनी चाटलेले लॉलीपॉप पोस्टाने घरपोच मिळतील, किंमत ५० डॉलर. लॉलीपॉप नको असेल तर थुंकी घ्या, नाहीतर तोंडात फिरवलेल्या कापसाच्या काड्या घ्या. गिऱ्हाईक कोण, तर असे आईबाप ज्यांना मुलांना लस द्यायची नव्हती पण कांजिण्या लहानपणीच उरकून जाव्यात असं वाटत होतं. शेवटी तिथल्या सरकारी वकिलाने जाहीरपणे सांगितलं की पोस्टातून रोगाचे जंतू पाठवणं हा गुन्हा आहे. आणि यातून कांजिण्या झाल्याही नसत्या बहुतेक, कारण हा व्हायरस पसरतो मुख्यतः हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून, अंगाबाहेर तो फार काळ तग धरत नाही. परक्याच्या थुंकीतून घशाचे जंतू किंवा हिपॅटायटिस बी मात्र पोचू शकतो.

पोस्टाचा प्रकार नवा असला तरी मूळ पद्धत जुनी आहे. एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्या की आजूबाजूच्या आया आपापली मुलं तिकडे खेळायला पाठवायच्या, एकत्र जेवायला बसवायच्या, याला तिकडे पॉक्स पार्टी म्हणतात. आपल्याकडे पार्टी कुणी ठेवत नसेल पण "एकदा येऊन गेलेल्या बऱ्या" हे वाक्य घराघरात ऐकलेलं असतं. या लोकांना मूर्ख म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण त्या विचारात एके काळी तथ्य होतं. लस नव्हती तेव्हा कांजिण्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी व्हायच्याच, आणि मोठेपणी झाल्या तर न्यूमोनिया वगैरे गुंतागुंत आणि मृत्यूचा धोका लहान मुलांपेक्षा कितीतरी पटीने जास्त. रुबेलाचंही, म्हणजे ज्याला जर्मन गोवर म्हणतात त्याचंही, तसंच. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं, त्यानंतर मुलींना लग्नाआधीच रुबेला होऊन जावा म्हणून काही आया धडपडायच्या. म्हणजे निवड होती आत्ता की नंतर, आणि आत्ता हे उत्तर बरोबर होतं.

हा प्रश्नच बदलून टाकला तो मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरने. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत टेक्सासमध्ये संशोधन करत होते, तेव्हा त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. आधी चेहऱ्यावर पुरळ, मग बघता बघता अंगभर, ताप चढलेला, श्वास घ्यायला त्रास, आणि नवराबायको रात्ररात्र त्याच्या उशाशी बसलेले. मुलगा वाचला. ताकाहाशी जपानला परतले आणि एका आजारी मुलाच्या फोडातून घेतलेला व्हायरस प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी तो इतका दुबळा केला की शरीराला ओळख तर पटावी पण आजार होऊ नये. १९७४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आज जगभर दिल्या जाणाऱ्या कांजिण्यांच्या बहुतेक लसी त्याच दुबळ्या केलेल्या व्हायरसच्या आहेत, त्याला ओका स्ट्रेन म्हणतात. अमेरिकेत ही लस १९९५ मध्ये आली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांहून जास्त लोक हॉस्पिटलात भरती व्हायचे आणि १०० ते १५० जण मरायचे. ज्याला आपण किरकोळ म्हणतो त्या आजाराचे हे आकडे आहेत, आणि मेलेल्यांत बरीचशी आधी ठणठणीत असलेली मुलंही होती. फोड खाजवून त्यातून स्ट्रेप्टोकोकसचे जंतू आत शिरले की काही तासांत पोर अत्यवस्थ होऊ शकतं.

शिवाय कांजिण्या येऊन "जात" नाहीत. खपल्या पडल्या, अंग साफ झालं तरी व्हायरस पाठीच्या कण्याजवळच्या मज्जापेशींत लपून बसतो आणि पन्नाशी-साठीला नागीण होऊन वर येऊ शकतो, ज्यांनी ती भोगलीय त्यांना विचारा, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. लसीतला व्हायरसही असा लपू शकतो हे खरं, पण अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्के कमी निघालं. पार्टीला पाठवणारी आई मुलाच्या पुढच्या आयुष्यातल्या नागिणीचा धोकाही त्याच दिवशी ओढवून घेत असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. घरात एका भावंडाकडून दुसऱ्याला कांजिण्या लागल्या की दुसऱ्याला सहसा पहिल्यापेक्षा जास्त फोड येतात. समजूत अशी की बाहेर जाताजाता लागण झाली तर थोडा व्हायरस मिळतो, आणि एकाच खोलीत तासन्‌तास राहिलं की भरपूर. गोवरातही तेच, आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये संशोधक पीटर आबी यांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की दाटीवाटीच्या घरात भावंडाकडून गोवर लागलेली मुलं जास्त दगावतात. आता पार्टीत काय करतात, मुद्दाम एकाच खोलीत, एकाच ताटात, तासन्‌तास. म्हणजे ज्याने आजार तीव्र होतो नेमकं तेच.

शरीरात जाणाऱ्या जंतूंचा डोस ताब्यात ठेवावा ही अक्कल माणसाला लसीच्याही आधीपासून होती. देवीच्या फोडातलं थोडंसं द्रव्य कातडीवर ओरखडा काढून लावायचं ही पद्धत भारतात, चीनमध्ये, तुर्कस्तानात चालायची. १७२१ मध्ये बोस्टनला देवीची साथ आली तेव्हा तिथले डॉक्टर झॅबडिएल बॉयल्स्टन यांनी असं टोचलेल्यांपैकी साधारण २ टक्के दगावले, आणि नैसर्गिक लागण झालेल्यांपैकी १४ टक्के. आपल्या मुंबईत १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, त्यात तर देवीचा जंतूही नव्हता, गायीच्या देवीचा होता. तीनशे वर्षं सगळी धडपड एकाच दिशेने चाललीय, ओळख पटू दे पण आजार नको. पार्टी त्याच्या बरोबर उलट्या दिशेने जाते.

आणि गोवराची पार्टी तर मला वाचतानाही धडकी भरते. २०२५ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या गेन्स काउंटीत गोवराची साथ सुरू झाली, ७६२ रुग्ण झाले, दोन शाळकरी मुली गेल्या, दोघींना लस दिलेली नव्हती आणि दोघींना आधीचा कुठलाही आजार नव्हता. त्या साथीतही तिथल्या डॉक्टरांना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की कृपा करून गोवराच्या पार्ट्या करू नका. गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. आणि एसएसपीई म्हणून एक प्रकार आहे, त्यात मूल बरं होतं, शाळेत जायला लागतं, आणि सात-दहा वर्षांनी अभ्यासात मागे पडतं, झटके येतात, हळूहळू सगळं विझतं, त्यावर इलाज नाही. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,४०० मुलांमागे एकाला हे झालं होतं.

पण पार्टीवाल्यांचा मुख्य दावा असतो की नैसर्गिक आजाराने इम्युनिटी तगडी होते, म्हणून नेदरलँड्सची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे कडव्या प्रोटेस्टंट समाजात लस घेत नाहीत, २०१३ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. संशोधकांनी लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, त्यात कुठकुठल्या आजारांविरुद्धच्या अँटीबॉडीज आहेत ते मोजलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, गोवर होऊन गेल्यावर त्या मुलांनी आधी कमावलेल्या अँटीबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के प्रकार गायब झाले होते. कारण गोवराचा व्हायरस हल्ला करतो तो जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच. भरलेल्या वहीची पानं फाडावीत तसं, गोवराचं एक पान पक्कं राहतं आणि सर्दी, न्यूमोनिया, जुलाब यांची लिहिलेली पानं जातात, ते सगळे आजार मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात, आणि त्यात दोन-तीन वर्षं जाऊ शकतात. लस दिलेल्या मुलांत असं काही दिसलं नाही. म्हणजे जी इम्युनिटी वाढवायला मुलाला पाठवलं तीच कमी होऊन परत येते.

यात दुसऱ्यांच्या घराचं काय हा प्रश्न राहतोच. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून कांजिण्या पसरतात, गोवर तर चार दिवस आधीपासून. त्या दिवसांत ते पोर रिक्षात असतं, शाळेत असतं, दवाखान्यातल्या बाकावर कुणा गरोदर बाईशेजारी किंवा केमो चाललेल्या मुलाशेजारी असतं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुलं गेली, तिथे पार्टी कुणी केली नव्हती, लसीचे डोस राहून गेलेले होते, एवढ्यावरही काम भागलं व्हायरसचं.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कांजिण्यांची सरकारी कार्यक्रमात नाही, ती बालरोगतज्ज्ञाकडे पैसे देऊन घ्यावी लागते. आणि समजा शेजारी कांजिण्या किंवा गोवर निघालाच आणि आपल्या मुलाची लस राहिलेली असेल, तर त्याला तिकडे पाठवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत लस दिली तर बऱ्याचदा आजार टळतो किंवा हलका होतो. अगदी तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना ही लस चालत नाही, त्यांच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं, इंजेक्शन असतं पण तेही मोजक्या दिवसांतच द्यावं लागतं. कांजिण्यांत तापासाठी ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही, लिव्हर आणि मेंदूवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो. आणि गोवराची शंका असेल तर दवाखान्यात शिरण्याआधी फोनवर तसं सांगा, म्हणजे ते तुम्हाला बाहेरच्या बाहेर वेगळ्या खोलीत घेतील.